सॅलॅमिसचे कर्ज: 106 टॅलंट की 200?

इ. स. पू. 51-50 च्या हिवाळ्यात टार्सस शहरात एका कर्जाचा हिशेब मांडला गेला. ऋणको होते सायप्रस बेटावरचे सॅलॅमिस शहर. धनको म्हणून मार्कुस स्काप्टियस नावाचा रोमन सावकार समोर होता. निवाड्याला बसला होता सिलिसिया प्रांताचा गव्हर्नर सिसेरो. शहराचे म्हणणे, आमच्याकडे 106 टॅलंट निघतात. स्काप्टियसला 200 हवे होते. दोन्ही बाजूंनी बसून आकडेमोड केली, हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत जुळला आणि सॅलॅमिसकर रक्कम मोजून द्यायला तयार झाले. तरी कर्ज बेबाक झाले नाही.

रोमन प्रांतांतली लूट म्हटली की सिसिलीचा गव्हर्नर वेरेस आठवतो. तिथे खाणारा कोण हे उघड होते. सॅलॅमिसच्या प्रकरणातला गव्हर्नर एक पैसाही खात नव्हता, त्याने काढलेला आकडा बरोबर होता आणि तरीही शहर अडकलेलेच राहिले. बेटावरचा रोमन अंमल रोजच्या व्यवहारात कसा चाले, हे समजायला हे प्रकरण वेरेसच्या खटल्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आधी मापे. टॅलंट हे वजन आहे. 1 टॅलंट म्हणजे 60 मिना, म्हणजेच 6,000 द्राक्मा. अ‍ॅटिक, म्हणजे अथेन्सच्या, मापाने ही सुमारे 26 किलो चांदी होते. म्हणजे 106 टॅलंट म्हणजे साधारण पावणेतीन टन चांदी आणि 200 टॅलंट म्हणजे सव्वापाच टनांच्या आसपास. रोमन व्याज महिन्याने मोजत आणि ते पहिल्या तारखेला देय होई. मूळ दर ‘शंभरावा भाग’, म्हणजे आपल्याकडे ज्याला दरमहा दरशेकडा 1 म्हणतात तो, वर्षाला 12 टक्के. स्काप्टियसच्या रोख्यात दर होता दरमहा दरशेकडा 4, वर्षाला 48 टक्के.

बेट हाती आले ते असे

इ. स. पू. 58 मध्ये ट्रिब्यून, म्हणजे जनतेने निवडलेला अधिकारी, असलेल्या पब्लियस क्लॉडियसने कायदा करून सायप्रस रोमच्या ताब्यात घेतले. बेटावर टॉलेमी राजा होता, इजिप्तच्या राजाचा भाऊ. त्याच्याशी युद्ध नव्हते. क्लॉडियसला पूर्वी चाच्यांनी पकडले होते, तेव्हा सुटकेसाठी या राजाने अगदीच किरकोळ रक्कम पाठवली, हा राग त्यामागे होता असे प्राचीन लेखक सांगतात. कारवाईसाठी रोमन सिनेटर केटोला धाडण्यात आले. राजाला पॅफॉसच्या अफ्रोडाइटी मंदिराचे पुरोहितपद देऊ केले होते. त्याने विष घेतले.

केटोने राजाची भांडी, रत्ने, जांभळी वस्त्रे लिलावात विकली आणि जवळजवळ 7,000 टॅलंट चांदी रोमला नेली. ती नेताना त्याने घेतलेली काळजी ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने टिपून ठेवली आहे. प्रत्येक भांड्यात 2 टॅलंट 500 द्राक्मा भरायच्या, भांड्याला लांब दोर बांधायचा आणि दोराच्या टोकाला बुचाचा मोठा तुकडा अडकवायचा. जहाज बुडाले तर बूच वर तरंगून माल कुठे आहे ते दाखवील. चांदी सुखरूप पोचली. हिशेबाच्या वह्या मात्र दोन्ही गेल्या: एक समुद्रात बुडाली, दुसरी कॉर्सिरा बेटावर तंबूंना आग लागली तेव्हा जळाली.

या मोहिमेत केटोबरोबर त्याचा भाचा होता, मार्कुस ब्रूटस. इथून पुढे सॅलॅमिस शहर केटो आणि ब्रूटस यांच्या आश्रयाखाली मानले जाऊ लागले. आश्रयदाता म्हणजे रोममध्ये शहराची बाजू मांडणारा माणूस. हे नाते लक्षात ठेवावे लागेल.

बेटाला स्वतंत्र गव्हर्नर मिळाला नाही. ते समुद्रापलीकडच्या सिलिसिया प्रांताला जोडण्यात आले. गव्हर्नर मुख्य भूमीवर, मोहिमांत गुंतलेला. त्यातच सायप्रसच्या लोकांना सुनावणीसाठी बेटाबाहेर बोलावता येणार नाही, असा नियम. नियम लोकांच्या सोयीचा होता, पण त्यामुळे न्याय बेटावर जाईल तेव्हाच होणार होता. सिसेरोनेही आपल्या वर्षात तिकडे क्विंटस वोलुसियस या आपल्या माणसाला मोजक्या दिवसांसाठी धाडले, तेवढेच.

कर्जाची उभारणी

ज्या बेटावरून 7,000 टॅलंट गेले, त्यातल्या एका शहराने दोनच वर्षांनी, इ. स. पू. 56 मध्ये, रोममध्ये कर्ज काढायचे ठरवले. अडचण अशी की गॅबिनियस कायद्याने प्रांतातल्या लोकांना रोममध्ये कर्ज द्यायला बंदी होती. बंदीमागे कारण होते. परगावाहून आलेली शिष्टमंडळे रोममध्ये कर्ज काढत, त्या पैशातून पुढाऱ्यांचे हात ओले करत आणि फेड मात्र गावाच्या माथी बसे.

ब्रूटसची माणसे पैसे द्यायला तयार होती, दरमहा दरशेकडा 4 ने, पण सिनेटचे संरक्षण मिळाले तर. ब्रूटसच्या वजनाने ठराव झाला: या व्यवहाराबद्दल सॅलॅमिसकरांवर किंवा पैसे देणाऱ्यांवर कारवाई होणार नाही. रक्कम दिली गेली. मग सावकारांच्या लक्षात आले की शिक्षेपासून सूट मिळाली खरी, पण रोखा अजून कागदच आहे, कारण अशा रोख्यावर न्यायाधीशाने निवाडा देऊ नये असेही तोच कायदा सांगत होता. म्हणून दुसरा ठराव झाला: सिलिसियाचा जो गव्हर्नर असेल त्याने या रोख्यावर निवाडा द्यावा.

पहिल्या ठरावाने गुन्हा माफ झाला आणि दुसऱ्याने वसुलीची वाट उघडली. दराबद्दल दोन्ही ठराव गप्प आहेत. स्काप्टियस पुढे दुसरा ठराव पुढे करून म्हणणार होता की रोख्यातला 48 टक्के दर सिनेटने मान्य केला आहे. सिसेरोने तो ठराव शब्दशः वाचला आणि वेगळा अर्थ काढला: या रोख्याला इतर रोख्यांइतकाच अधिकार मिळाला आहे, जास्त नाही. माझ्या मते त्याचे वाचन अचूक होते. बेकायदा कागद कायदेशीर झाला म्हणून त्याला बाकीच्या कागदांपेक्षा वरचा मान मिळत नाही.

रोख्यावर धनको म्हणून दोन नावे होती, मार्कुस स्काप्टियस आणि पब्लियस मॅटिनियस. सिसेरो प्रांतात आला तेव्हा ब्रूटसने त्याला एक टिपण दिले होते. त्यात, सॅलॅमिसकर माझ्या या दोन स्नेह्यांचे देणे लागतात आणि त्यांच्यासाठी मी मोठ्या रकमेला जामीन आहे, असे लिहिले होते. पैसा स्वतःचा आहे, हे त्यात नव्हते.

वसुली: पाच माणसे भुकेने मेली

सिसेरोच्या आधीचा गव्हर्नर अ‍ॅपियस क्लॉडियस हा ब्रूटसचा सासरा. त्याने स्काप्टियसला प्रीफेक्टचा हुद्दा दिला आणि घोडदळाच्या तुकड्या दिल्या. हुद्दा लष्करी, काम खासगी वसुलीचे. या घोडेस्वारांनिशी स्काप्टियसने सॅलॅमिसच्या नगरसभेला तिच्याच सभागृहात कोंडले आणि वेढा घालून बसला. पाच सभासद उपासमारीने मेले.

सभागृहच का निवडले, हेही पाहावे. कर्ज शहराच्या नावावर होते, म्हणून एखाद्या व्यापाऱ्याचे घर जप्त करून भागणार नव्हते. पैसा उभा करायचा ठराव सभासदच करू शकत होते.

सिसेरो इ. स. पू. 51 च्या जुलैत इफेससला उतरला तेव्हा सायप्रसचे वकील तिथपर्यंत येऊन त्याला भेटले. घोडदळाने बेट ताबडतोब सोडावे, असा हुकूम त्याने लगेच धाडला. पुढे स्काप्टियस छावणीत येऊन पुन्हा हुद्दा मागू लागला. प्रांतात धंदा करणाऱ्या कोणालाही हुद्दा द्यायचा नाही, हा सिसेरोचा नियम होता आणि पाँपेसारख्या बड्या सेनापतीनेही तो मान्य केला होता. स्काप्टियसला नकार मिळाला, पण ब्रूटसखातर पैसे मिळवून देण्याचे वचनही मिळाले.

आणखी एक गोष्ट सिसेरोने थांबवली. हिवाळ्यात सैन्य आपल्या गावात उतरू नये म्हणून शहरे गव्हर्नरला पैसे मोजत. सायप्रसकर यापायी 200 अ‍ॅटिक टॅलंट देत असत. सिसेरोने काही घेतले नाही. म्हणूनच टार्ससला सॅलॅमिसकर त्याला म्हणू शकले की आम्ही एका अर्थी तुमच्याच पैशातून कर्ज फेडतो आहोत, कारण गव्हर्नरला जेवढे द्यावे लागे त्याहून हे देणे कमीच आहे. सरळ वागणारा एक गव्हर्नर मिळाला आणि एका वर्षात शहराकडे कर्ज फेडण्याइतकी रक्कम उभी राहिली. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद हीच आहे.

टार्ससची बैठक

सिसेरोच्या जाहीरनाम्यात दर ठरलेला होता: दरमहा दरशेकडा 1, वर्षअखेर व्याज मुद्दलात मिळवून. म्हणजे 12 टक्के, वार्षिक चक्रवाढ. हे कलम आधीच्या गव्हर्नरांपासून चालत आले होते, सॅलॅमिससाठी मुद्दाम घातलेले नव्हते. त्याच सुमारास सिनेटने तर 12 टक्के सरळव्याजाचा ठराव केला होता. म्हणजे सिसेरोचा दर सावकाराला त्याहूनही सोयीचा होता.

पैसे द्या, असे सिसेरोने सॅलॅमिसकरांना बजावले. सुरुवातीला त्यांनी स्काप्टियसच्या अत्याचारांची तक्रार मांडली, मग द्यायला तयार झाले. तेव्हा स्काप्टियसने सिसेरोला बाजूला घेतले. त्यांना वाटते आहे की देणे 200 टॅलंट आहे, प्रत्यक्षात थोडे कमी आहे, तर तुम्ही त्यांना 200 वर आणा, अशी त्याची विनंती. सिसेरोने त्याला दूर केले आणि सॅलॅमिसकरांना बोलावून विचारले, किती निघतात? उत्तर आले, 106. स्काप्टियसने आरडाओरडा केला. मग वह्या समोरासमोर ठेवल्या आणि हिशेब 106 ला मिळाला.

मुद्दल किती असेल? सिसेरो सहा वर्षांचे व्याज धरतो. मधे काही भरणा झाला नाही असे मानून उलटा हिशेब केला, तर 12 टक्के चक्रवाढीने सहा वर्षांत रक्कम 1.974 पट होते. 106 ला त्याने भागले की सुमारे 53.7 टॅलंट येतात. आता हेच मुद्दल वेगवेगळ्या दरांनी चालवून पाहू.

12 टक्के सरळव्याज: 92.4 टॅलंट.
12 टक्के चक्रवाढ: 106 टॅलंट.
48 टक्के सरळव्याज: 208.4 टॅलंट.
48 टक्के चक्रवाढ: 564 टॅलंट.

स्काप्टियसचा 200 चा आकडा कुठून आला असावा, हे तिसऱ्या ओळीवरून कळते. रोख्यातला दर सरळव्याजाने लावला की रक्कम तिथेच जाते.

मराठी वाचकाला इथे दामदुपट आठवेल: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, हा आपल्याकडचा जुना नियम. त्या हिशेबाने 53.7 वर जास्तीत जास्त 107.4 निघतात. सिसेरोचे 106 त्या मर्यादेच्या जेमतेम आत बसतात. आणि हा विचार रोमनांना नवा नव्हता. वीस वर्षांपूर्वी आशिया प्रांतात रोमन सेनापती लुकुलसने दरमहा दरशेकडा 1 ची मर्यादा घातली होती, मुद्दलावर गेलेले व्याज रद्द केले होते आणि ऋणकोच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घ्यायला मनाई केली होती. व्याजावर व्याज लावणाऱ्याचे सगळेच बुडे. चार वर्षांच्या आत तिथली कर्जे फिटली. इलाज ठाऊक होता, एका शेजारच्या प्रांतात तो लागू पडलेलाही होता.

देवळातली ठेव

हिशेब जुळला. सॅलॅमिसकर म्हणाले, घ्या पैसे. स्काप्टियसने पुन्हा सिसेरोला बाजूला घेऊन विनवले की प्रकरण आहे तसेच राहू द्या. सिसेरोने ते मान्य केले. मागणी निर्लज्ज होती असे तो स्वतःच लिहितो, तरी मान्य केले.

सॅलॅमिसकरांनी मग दुसरा मार्ग सुचवला: रक्कम देवळात ठेव म्हणून ठेवू द्या. याचा अर्थ नीट कळला पाहिजे. ऋणको पैसे देऊ करतो आणि धनको घेत नाही, अशा वेळी रक्कम त्रयस्थाकडे ठेवली की व्याज त्या दिवशी थांबते. पैसा सुरक्षित राहतो, धनकोने हवा तेव्हा उचलावा. ऋणकोच्या हातात असलेला हा एकच बचाव. सिसेरोने त्याला परवानगी दिली नाही.

व्याज त्या दिवशी थांबायला हवे होते, हे त्याला पक्के माहीत होते. मित्र अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रात तो ते स्पष्ट सांगतो आणि सॅलॅमिसकरांना आपणच गप्प बसवले हेही सांगतो. बैठकीला असलेले काही जण म्हणाले, 12 टक्के चक्रवाढीवर समाधान न मानणाऱ्या स्काप्टियससारखा निर्लज्ज नाही. दुसरे म्हणाले, याच्यासारखा मूर्ख नाही. माझे मत वेगळे आहे. स्काप्टियसला चांगले ठाऊक होते की गव्हर्नर वर्षाने बदलतो, रोखा बदलत नाही. 106 घेतले असते तर रोखा तिथेच संपला असता. न घेता तो जिवंत राहिला आणि 48 टक्के मान्य करणारा पुढचा गव्हर्नर येण्याची वाट पाहता आली.

त्याच वेळी स्काप्टियसने ब्रूटसचे पत्र सिसेरोच्या हाती ठेवले. या व्यवहारातली जोखीम माझी स्वतःची आहे, असे ब्रूटसने त्यात लिहिले होते. ही गोष्ट ना सिसेरोला माहीत होती, ना दोघांचाही मित्र असलेल्या अ‍ॅटिकसला. व्यवहार बेनामी होता. ज्याने शहराची बाजू रोममध्ये मांडायची, तोच शहराचा सावकार. कुंपणच शेत खात होते.

दबाव कुठून कुठून आला

ब्रूटसची पत्रे उद्धट होती, असे सिसेरो लिहितो. पण त्याला जास्त टोचले ते अ‍ॅटिकसचे म्हणणे: स्काप्टियसला निदान 50 घोडेस्वार तरी दे. सिसेरोचे उत्तर असे की गुलामांच्या बंडाचा नेता स्पार्टाकस याच्याबरोबरही सुरुवातीला इतके नव्हते. एवढ्या नाजूक बेटावर ते 50 जण काय करतील, याचा पुरावा पाच मृत सभासदांच्या रूपाने समोर होताच. घोडेस्वार त्याने दिले नाहीत. 48 टक्केही मान्य केले नाहीत. ब्रूटस रागावला तर मला वाईट वाटेल, पण तो मी समजत होतो तसा नाही याचे त्याहून जास्त वाटेल, आणि निदान त्याचा मामा केटो तरी मला दोष देणार नाही, अशा आशयाचे तो लिहितो.

म्हणून सिसेरोचा न्याय करताना दोन बाजू वेगळ्या ठेवाव्या लागतात. दर, हुद्दा आणि घोडदळ या तिन्ही बाबतींत तो ठाम राहिला आणि त्याची किंमत मोजायला तयार होता. खाते बंद करण्याच्या बाबतीत तो कचरला. ‘आत्ता निकाल नको’ एवढीच मागणी होती, म्हणून ती त्याला निरुपद्रवी वाटली असावी. चालू व्याजाच्या खात्यात निकाल लांबवणे म्हणजे रोज एका बाजूने निकाल देणे, हे हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही कळते.

या सगळ्याची माहिती आपल्याला सिसेरोच्याच पत्रांतून मिळते. सॅलॅमिसच्या नगरसभेची बाजू तिच्या शब्दांत उरलेली नाही. पण न्यायाधीश स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट स्वतःच नोंदवतो, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

इ. स. पू. 22 मध्ये रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने सायप्रस सिनेटच्या कारभाराखालचा प्रांत केले, पॅफॉसला स्वतःचा प्रोकॉन्सल, म्हणजे गव्हर्नर, बसवला. गव्हर्नर अखेर बेटावर राहायला आला, तोवर सॅलॅमिसच्या त्या रोख्याला 34 वर्षे झाली होती.

टार्ससच्या बैठकीनंतर सिसेरो प्रांतात आणखी सुमारे सात महिने होता. रोख्यातल्या दराने 53.7 टॅलंट मुद्दलावर महिन्याला सव्वादोन टॅलंटांना थोडे कमी, म्हणजे जवळजवळ 56 किलो चांदी चढत होती. सात महिन्यांचे ते 15 टॅलंट. सॅलॅमिसकरांनी माझे ऐकले, पण रोमन पुढारी पॉलस इथे गव्हर्नर म्हणून आला तर त्यांचे काय होईल, असे त्याने फेब्रुवारीतच अ‍ॅटिकसला विचारले होते. इ. स. पू. 50 च्या 30 जुलैला त्याची मुदत संपली आणि प्रांत आपल्या तरुण क्वेस्टरच्या, म्हणजे खजिना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाती सोपवून तो निघाला.